क्यूइमूमधील आरंभीकरण-त्रुटींची हाताळणी

क्यूइमू या मुक्त-स्रोत अनुकरण सॉफ्टवेअरमध्ये एखादे आभासी उपकरण उभे करताना अडचण आली, तर ती कोणी ओळखायची, कोणाला कळवायची आणि अर्धवट उभे राहिलेले उपकरण कसे आवरायचे, यासंबंधीच्या संकेतांना व त्यासाठी पुरवलेल्या फंक्शनांना एकत्रितपणे आरंभीकरण-त्रुटींची हाताळणी असे म्हणता येते. क्यूइमू सी भाषेत लिहिलेले आहे. सी भाषेत अपवाद-हाताळणीची अंगभूत सोय नसल्यामुळे ही शिस्त भाषेने नव्हे, तर प्रकल्पाने स्वतः ठरवलेल्या नियमांनी राखली जाते. हे नियम एकदम ठरले नाहीत. इ.स. २००९ ते इ.स. २०२० या काळात ते टप्प्याटप्प्याने आकाराला आले.

पार्श्वभूमी

क्यूइमूची पहिली आवृत्ती फाब्रिस बेलार यांनी इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध केली. एका प्रकारच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला आज्ञावलीसंच दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरवर चालवणे हे तिचे मूळ काम होते. इ.स. २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम समाविष्ट झाल्यावर क्यूइमूची भूमिका बदलली. प्रोसेसरचे काम प्रत्यक्ष हार्डवेअर करू लागले, मात्र नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक, ध्वनी कार्ड, यूएसबी नियंत्रक अशा उपकरणांचे अनुकरण क्यूइमूकडेच राहिले. प्रयोगशाळेतील साधन पाहता पाहता माहिती-केंद्रांचा पाया झाले.

या बदलाचा त्रुटींच्या हाताळणीशी थेट संबंध आहे. आज्ञा-ओळीवरून एखादे यंत्र सुरू करताना उपकरण उभे राहिले नाही, तर संदेश छापून कार्यक्रम बंद करणे पुरेसे असते, कारण तोवर कोणाचे काही बिघडलेले नसते. परंतु क्यूइमूमध्ये चालू यंत्रालाही नवे उपकरण जोडता येते. यास हॉट-प्लग म्हणतात. महिनाभर अखंड चालू असलेल्या आभासी यंत्राला दुसरे नेटवर्क कार्ड जोडताना गुणधर्माचे एखादे मूल्य चुकले आणि उपकरणाच्या आरंभीकरण-फंक्शनाने सवयीप्रमाणे कार्यक्रम बंद करण्याचा कॉल केला, तर नव्या कार्डासोबत संपूर्ण यंत्रच नाहीसे होते. आतील विदासंच, उघडे व्यवहार, जोडलेले वापरकर्ते सारे एका क्षणात तुटतात. खऱ्या संगणकाच्या खाचेत सदोष कार्ड बसवल्यावर वीजपुरवठाच बंद पडावा, तसा हा प्रकार होय.

सुरुवातीची पद्धत

आरंभीच्या काळात प्रत्येक उपकरणाचा लेखक आपल्या मर्जीप्रमाणे त्रुटी हाताळत असे. कोणी त्रुटी-प्रवाहावर संदेश छापून कार्यक्रम संपवी, कोणी ऋण पूर्णांक परत करी, तर कोणी प्रोसेसरची सारी स्थिती छापून कार्यक्रम पाडणारे ‘एचडब्ल्यू_एरर’ हे फंक्शन वापरी. काही ठिकाणी मेमरी मिळाली की नाही हे तपासलेच जात नसे.

इ.स. २००९ मध्ये ‘क्यूडेव्ह’ ही उपकरणांची एकसमान मांडणी आली. तिच्यात प्रत्येक उपकरणाला ‘इनिट’ नावाचे फंक्शन असे. त्याने यश मिळाल्यास शून्य आणि अपयश आल्यास ऋण संख्या परत करावी असा संकेत होता. या मांडणीमुळे अपयश आले एवढे वरच्या फंक्शनाला कळू लागले, पण का आले हे कळेना. कारण सांगणारा संदेश खालच्या पातळीवरच छापला जाई आणि वर फक्त एक संख्या पोहोचे. लिबव्हर्टसारखे व्यवस्थापन-सॉफ्टवेअर क्यूइमूशी क्यूएमपी या जेसन-आधारित संवादपद्धतीने बोलते. त्याच्या वाट्याला ‘उपकरणाचे आरंभीकरण होऊ शकले नाही’ अशा अर्थाचे एकच सरधोपट वाक्य येई. खरे कारण यजमान संगणकावरच्या नोंदवहीत कुठेतरी पडून असे आणि ते शोधणे प्रशासकाच्या चिकाटीवर सोपवलेले असे.

याच काळातील ‘क्यूडेव्ह_इनिट_नोफेल’ हे फंक्शन उल्लेखनीय आहे. उपकरण उभे करणे आणि ते न जमल्यास कार्यक्रम संपवणे एवढेच त्याचे काम होते. यंत्राच्या मूळ मदरबोर्डावरची उपकरणे उभारताना हे वर्तन योग्यच होते, पण ते वापरायला सोयीचे असल्याने नको त्या ठिकाणीही पसरले. इ.स. २०२० मध्ये ते काढून टाकण्यात आले.

एरर ऑब्जेक्ट

इ.स. २०११ मध्ये क्यूइमूत त्रुटी वाहून नेणारा स्वतंत्र ‘एरर’ ऑब्जेक्ट आला. त्याची रचना जीलिब या ग्रंथालयातील ‘जीएरर’वर सैलपणे बेतलेली आहे. अपयशी ठरू शकणारे फंक्शन शेवटचा प्राप्तांक म्हणून एरर-पॉइंटरचा पत्ता घेते. रूढीने या प्राप्तांकाचे नाव ‘एररपी’ असते. अडचण आल्यास फंक्शन ‘एरर_सेटजी’ वापरून नवा एरर ऑब्जेक्ट तयार करते आणि त्या पत्त्यावर ठेवते. यश मिळाल्यास त्या जागेला हात लावायचा नसतो. एरर ऑब्जेक्टात संदेशाबरोबरच तो कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या फंक्शनात आणि कोणत्या ओळीवर तयार झाला याचीही नोंद राहते. कार्यप्रणालीने दिलेल्या त्रुटी-क्रमांकाचे शब्दांतील वर्णन संदेशाला जोडायचे असल्यास ‘एरर_सेटजी_एररनो’ वापरतात.

कॉल करणाऱ्यापुढे अनेक पर्याय असतात. तो स्वतःच्या एरर-पॉइंटरचा पत्ता देऊन त्रुटी तपासू शकतो, आपल्याला मिळालेला पत्ता तसाच खाली देऊन त्रुटी वर जाऊ देऊ शकतो, किंवा रिकामा पॉइंटर देऊन कारणात रस नसल्याचे सांगू शकतो. याशिवाय दोन विशेष पत्ते आहेत. ‘एरर_अबॉर्ट’ दिल्यास त्रुटी निर्माण होताच कार्यक्रम जागच्या जागी पाडला जातो. ‘एरर_फेटल’ दिल्यास संदेश छापून कार्यक्रम नीटपणे संपवला जातो.

या दोहोंतील भेद हाच या साऱ्या मांडणीचा कणा आहे. जी त्रुटी घडूच शकत नाही, घडली तर ती लिहिणाऱ्याची चूक असते, तिथे एरर_अबॉर्ट योग्य. उदाहरणार्थ, उपकरणाने स्वतःच घोषित केलेल्या गुणधर्माला ठरलेल्या प्रकाराचे मूल्य देणे. जी त्रुटी वापरकर्त्याच्या मागणीमुळे किंवा यजमान संगणकाच्या स्थितीमुळे उद्भवू शकते, जसे फाइल नसणे, परवानगी नसणे, पत्ता आधीच वापरात असणे, तिथे एरर_अबॉर्ट वापरणे हा दोष मानला जातो. एरर_फेटल केवळ यंत्र सुरू होण्याआधीच्या कोडमध्ये शोभते. हॉट-प्लगच्या मार्गावर त्याला जागा नाही. या विशेष पत्त्यांवर मुद्दाम त्रुटी ठेवून कार्यक्रम संपवू नये, त्यापेक्षा सरळ संदेश छापून बाहेर पडावे किंवा सरळ प्रतिपादन लिहावे, असेही प्रकल्पाच्या शीर्षक-फाइलमधील टिपणात बजावले आहे, कारण वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

एक नियम कठोर आहे. ज्या जागी आधीच एक त्रुटी ठेवलेली आहे तिथे दुसरी ठेवता येत नाही. तसा प्रयत्न झाल्यास प्रतिपादन मोडून कार्यक्रम पडतो. पहिली त्रुटी न तपासता पुढचा कॉल करणारा निष्काळजी कोड यामुळे उघडा पडतो, अर्थात तो मार्ग चाचणीत प्रत्यक्ष चालला तरच. त्रुटींचे मार्ग सहसा चाचणीत चालत नाहीत, ही या क्षेत्रातील जुनी डोकेदुखी आहे.

दोन टप्प्यांचे आरंभीकरण

इ.स. २०११-१२ मध्ये क्यूडेव्हच्या खाली ‘क्यूओएम’ ही ऑब्जेक्ट-पद्धती बसवण्यात आली आणि इ.स. २०१३ च्या सुरुवातीस ‘रिअलाइझ’ हे नवे फंक्शन आले. त्यामुळे उपकरणाच्या जन्माचे दोन टप्पे झाले.

पहिला टप्पा ‘इन्स्टन्स_इनिट’. यात ऑब्जेक्ट तयार होतो, त्याचे गुणधर्म नोंदवले जातात, पोटातील लहान ऑब्जेक्ट जागेवर येतात. या फंक्शनाला एररपी नाही, म्हणजेच त्याला अपयशी होण्याचा अधिकार नाही. शिवाय त्याचे बाह्य परिणामही होता कामा नयेत. एखाद्या उपकरणाला कोणकोणते गुणधर्म आहेत असे व्यवस्थापन-सॉफ्टवेअरने विचारले, तर क्यूइमू त्या प्रकारचा ऑब्जेक्ट केवळ पाहणीसाठी तयार करते आणि लगेच नष्ट करते. अशा वेळी इन्स्टन्स_इनिटने फाइल उघडली किंवा यंत्राच्या मेमरी-नकाशात फेरफार केला, तर निव्वळ चौकशीने चालू यंत्र बिघडेल.

दुसरा टप्पा रिअलाइझ. तोवर वापरकर्त्याने गुणधर्मांना मूल्ये दिलेली असतात. रिअलाइझ ती तपासते, यजमानाकडून साधने मिळवते आणि उपकरण यंत्राला जोडते. अपयशी होऊ शकणारे सर्व काम इथे येते व त्यासाठी त्याला एररपी दिलेला असतो. जुन्या इनिटवरून रिअलाइझवर येण्याचे काम मात्र संथ होते. पीसीआय उपकरणांचे रूपांतर मुख्यतः इ.स. २०१५ पासून झाले आणि उरलेली उपकरणे त्यानंतरही काही वर्षे मागे राहिली. रूपांतर म्हणजे केवळ फंक्शनाची सही बदलणे नव्हते. आत दडलेला प्रत्येक ‘बाहेर पडा’ शोधून तो खरोखर घातक आहे का, हे ठरवावे लागत होते.

अपयशानंतरची आवराआवर

रिअलाइझ अपयशी झाल्यास सारे काही पूर्ववत असावे, अशी अपेक्षा असते. नेटवर्क कार्डाच्या रिअलाइझने क्रमाने मेमरी-प्रदेश नोंदवला, घड्याळ तयार केले, व्यत्यय-सारणी मांडली आणि चौथ्या पायरीवर ते अडले, तर आधीच्या तीन पायऱ्या उलट क्रमाने सोडवाव्या लागतात. सी भाषेत यासाठी फंक्शनाच्या शेवटी लेबलांची उतरंड रचतात आणि ‘गोटू’ने योग्य लेबलावर उडी घेतात. एरवी बदनाम असलेले गोटू इथे मात्र सर्वमान्य आहे. उतरंडीतील एखादी पायरी विसरली तर केवळ मेमरी गळते. पायऱ्यांचा क्रम चुकला किंवा मोकळ्या केलेल्या ऑब्जेक्टाकडे बोट दाखवणारे घड्याळ मागे राहिले, तर पुढे केव्हातरी ते घड्याळ वाजते आणि मुक्त केलेल्या मेमरीत लिहिले जाते. हा मग साधा दोष राहत नाही, सुरक्षेचा प्रश्न होतो.

तपासण्या आधी आणि साधने नंतर, असा क्रम ठेवल्यास आवराआवर पुष्कळ कमी होते. गुणधर्मांची मूल्ये तपासायला काहीच लागत नाही, म्हणून ती तपासणी सर्वांत वर असावी हे परीक्षकांचे नेहमीचे सांगणे असते.

रिअलाइझची उलट बाजू म्हणजे ‘अनरिअलाइझ’. तीच साधने सोडवणे हे त्याचे काम असल्याने दोन्हींचा हिशेब जुळावा लागतो. हा हिशेब न जुळल्याची उदाहरणे सार्वजनिक नोंदीत आहेत. इ.स. २०१७ मधील सीव्हीई-२०१७-५५२५ आणि सीव्हीई-२०१७-५५२६ या नोंदी अनुक्रमे एसी९७ व ईएस१३७० या ध्वनी कार्डांच्या अनुकरणातील मेमरी-गळतीविषयी आहेत. कार्ड काढताना मेमरी सोडली जात नसे, त्यामुळे अतिथी कार्यप्रणालीतील अधिकारप्राप्त वापरकर्त्याला ते वारंवार काढून यजमानाची मेमरी खाता येत होती. आरंभी अनरिअलाइझलाही एररपी होता. पण काढून टाकण्याचे काम अर्ध्यावर अपयशी झाल्यास पुढे काय करायचे याला समाधानकारक उत्तर नव्हते, म्हणून इ.स. २०२० मध्ये तो काढण्यात आला आणि अनरिअलाइझ अपयशी होऊच शकत नाही असे ठरले.

मागणी, सोय आणि चूक: एमएसआयचे उदाहरण

एकाच अपयशाचे तीन अर्थ कसे होऊ शकतात, याचे चांगले उदाहरण इंटेल एचडीए या ध्वनी नियंत्रकाच्या अनुकरणात आढळते. पीसीआय उपकरणे प्रोसेसरला व्यत्यय पाठवताना एमएसआय ही संदेश-पद्धती वापरू शकतात. परंतु काही अनुकरित यंत्रांवर एमएसआयचा आधार नसतो. नियंत्रकाच्या ‘एमएसआय’ या गुणधर्माला ‘चालू’, ‘बंद’ आणि ‘आपोआप’ अशी तीन मूल्ये देता येतात.

एमएसआयचे आरंभीकरण फसले आणि कारण ‘आधार नाही’ याखेरीज काही असेल, तर ती उपकरण लिहिणाऱ्याची चूक. तिथे प्रतिपादन मोडते. कारण ‘आधार नाही’ हेच असेल आणि वापरकर्त्याने ‘चालू’ असे स्पष्ट मागितले असेल, तर मागणी पुरवता येत नाही म्हणून रिअलाइझ अपयशी होते, आणि दुसरे कोणते मूल्य द्यावे याची सूचना संदेशाला जोडली जाते. मूल्य ‘आपोआप’ असेल, तर एरर ऑब्जेक्ट मोकळा करून उपकरण मुकाट्याने जुन्या व्यत्यय-पद्धतीवर चालते. खालचे फंक्शन हा निवाडा करू शकत नाही, कारण वापरकर्त्याने काय मागितले हे त्याला ठाऊक नसते. त्याने घडलेले तेवढे वर सांगायचे असते.

स्पष्ट मागणी असताना मुकाट्याने दुय्यम पर्यायावर जाणे वरकरणी सौम्य वाटते, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते. चालू यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवताना दोन्हीकडची उपकरणे अतिथी कार्यप्रणालीला तंतोतंत सारखी दिसावी लागतात. गंतव्य यजमानावर उपकरण सुरुवातीलाच अपयशी झाले, तर स्थलांतर थांबते आणि मूळ यंत्र होते तिथे चालू राहते. ते गुपचूप वेगळ्या रूपात उभे राहिले, तर बिघाड उशिरा आणि अनाकलनीय रीतीने समोर येतो.

केव्हीएमच्या बाबतीत हाच निवाडा वापरकर्त्याच्या हाती दिलेला आहे. केवळ केव्हीएम मागितले आणि त्याच्या उपकरण-फाइलची परवानगी नसली, तर क्यूइमू संदेश देऊन थांबते.  केव्हीएम आणि टीसीजी अशी क्रमवार यादी दिली, तर पहिले न जमल्यास माघार घेत असल्याचे सांगून ते सॉफ्टवेअर-अनुकरणावर जाते. यंत्र चालते, पण कितीतरी हळू.

त्रुटी वर पाठवण्यातील खाचखळगे

पुष्कळ फंक्शने स्वतः त्रुटी निर्माण करत नाहीत, खालून आलेली वर पाठवतात. इथे एक फसवा सापळा आहे. कॉल करणाऱ्याने रिकामा पॉइंटर दिलेला असू शकतो, त्यामुळे एररपीच्या जागेवर काही आले का हे थेट पाहता येत नाही. पाहिल्यास कार्यक्रम कोसळतो. म्हणून दीर्घकाळ अशी रीत होती की स्थानिक एरर-पॉइंटर घ्यावा, तो खाली द्यावा, तपासावा आणि भरलेला आढळल्यास ‘एरर_प्रोपगेट’ने वर ढकलावा. प्रत्येक कॉलमागे चार-पाच ओळी वाढत आणि मूळ तर्क त्यांत हरवून जाई.

या रीतीत आणखी दोन दोष होते. वरून एरर_अबॉर्ट आलेला असला, तरी कार्यक्रम त्रुटीच्या उगमापाशी न पडता ढकलण्याच्या ठिकाणी पडे, त्यामुळे डीबगरमध्ये कॉलची साखळी अपुरी दिसे. आणि वरून एरर_फेटल थेट खाली दिलेला असल्यास त्रुटी तयार होताक्षणी कार्यक्रम संपे, म्हणून तिला नंतर जोडायची सूचना कधीच छापली जात नसे. नेमकी जी ओळ वापरकर्त्याला उपयोगी पडायची, तीच गाळली जाई.

इ.स. २०२० च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१ या आवृत्तीत दोन बदल झाले. पहिला ‘एररपी_गार्ड’ हा मॅक्रो. तो फंक्शनाच्या सुरुवातीला लिहिला की रिकाम्या किंवा एरर_फेटल पॉइंटरच्या जागी आपोआप स्थानिक पॉइंटर येतो आणि फंक्शन संपताना त्रुटी आपोआप वर जाते. एरर_अबॉर्टला तो हात लावत नाही, त्यामुळे कार्यक्रम उगमापाशीच पडतो. यासाठी जीसीसी व क्लँग या कंपायलरांतील, चल नाहीसे होताना ठराविक फंक्शन चालवण्याची सोय वापरली आहे. दुसरा बदल संकेताचा. एररपी घेणाऱ्या फंक्शनाने परत-मूल्यातूनही यशापयश सांगावे, शक्यतो खरे किंवा खोटे अशा रूपात. मग ‘जमले नाही तर परत फिरा’ एवढे एका ओळीत लिहिता येते आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक पॉइंटरची गरजच उरत नाही. अनेक फाइलींत विखुरलेले हे बदल हाताने न करता मुख्यतः कॉक्सिनेल या कोड-रूपांतर साधनाने केले गेले. गुणधर्म ‘रिअलाइझ्ड’ला ‘खरे’ हे मूल्य देण्याऐवजी ‘क्यूडेव्ह_रिअलाइझ’ हे सरळ फंक्शनही याच सुमारास आले.

संदेशाची भाषा

त्रुटीचा संदेश एकाच वाक्यांशाचा असावा, त्याच्या शेवटी पूर्णविराम किंवा नवी ओळ नसावी, असा संकेत आहे. कारण त्याच्या पुढे-मागे अन्य मजकूर जोडला जाऊ शकतो. लांब सल्ला संदेशात न कोंबता ‘एरर_अपेंड_हिंट’ने वेगळा जोडतात. एकच डिस्क-प्रतिमा दोन यंत्रांनी उघडू पाहिल्यास संदेश कुलूप मिळाले नसल्याचे सांगतो, तर दुसरी एखादी प्रक्रिया ती प्रतिमा वापरत आहे का, हा प्रश्न सूचनेच्या रूपात येतो. सूचना माणसासाठी असते आणि ती क्यूएमपीच्या उत्तरात जात नाही.

क्यूएमपीतील त्रुटींचे वर्गही पूर्वी बरेच होते आणि प्रत्येकासोबत स्वतंत्र माहिती जाई. इ.स. २०१२ मध्ये त्यांची छाटणी होऊन एक सर्वसाधारण वर्ग आणि मोजके विशेष वर्ग उरले. नवी त्रुटी घालताना नवा वर्ग घडवण्याचे ओझे गेल्यावर लेखक अधिक नेमके संदेश लिहू लागले, असा या बदलाचा लाभ सांगता येतो. मात्र संदेशाचा मजकूर स्थिर राहील अशी हमी नसल्यामुळे व्यवस्थापन-सॉफ्टवेअरने त्यातील शब्दांवर विसंबू नये.

अन्य प्रणालींशी तुलना

लिनक्स कर्नलमधील चालक-सॉफ्टवेअर ‘प्रोब’ फंक्शनातून आजही ऋण त्रुटी-क्रमांकच परत करते. तिथे वापरकर्त्यासाठीचा संदेश कर्नलच्या नोंदवहीत जातो. आवराआवरीसाठी कर्नलने उपकरणाच्या आयुष्याशी बांधलेली साधने पुरवली असून प्रोब अपयशी झाल्यास ती आपोआप उलट क्रमाने सुटतात, त्यामुळे गोटूची उतरंड बरीच कमी झाली आहे.

क्यूइमूच्या डिसेंबर २०२४ मधील ९.२ या आवृत्तीपासून रस्ट भाषेत उपकरणे लिहिण्याची प्रायोगिक सोय आहे. पहिले उदाहरण म्हणून पीएल०११ हे अनुक्रमिक पोर्ट रस्टमध्ये लिहिले गेले. रस्टमध्ये यश किंवा त्रुटी यांपैकी एक धारण करणारा ‘रिझल्ट’ हा प्रकार भाषेतच असून त्याकडे दुर्लक्ष केल्यास कंपायलर इशारा देतो, आणि ऑब्जेक्ट नाहीसा होताना त्याने घेतलेली साधनेही भाषेच्या नियमाने सुटतात. सीमध्ये लिहिलेल्या उर्वरित गाभ्याशी बोलताना मात्र या त्रुटीला पुन्हा एरर ऑब्जेक्टाचेच रूप घ्यावे लागते.